तांबडा समुद्र निळाच कसा?

दीर्घ जगसफरीवर निघालेल्या दांपत्याचा एक दिवस कसा जातो, हे सांगणारे लेखन अलीकडे उदंड झाले आहे. सकाळी फराळास काय होते, आगबोट कोणत्या बंदरास लागली, मोटारगाडीतून कोणते देऊळ, कोणता किल्ला नि कोणता बाजार पाहिला, दुपारचे जेवण कोठे झाले, बोटीचा भोंगा होण्यापूर्वी सर्वजण परत कसे पोहोचले, आणि रात्री भोजनगृहात एकामागून एक कोणते पदार्थ आले, हा या लेखनाचा ठरलेला साचा. २०२३ च्या डिसेंबरात निघून २०२४ च्या सप्टेंबरात परतलेली एक जगसफर तर २७४ रात्रींची होती, आणि तीवरील प्रवाशांची रोजची ताटे नि रोजची स्थळे लोकांनी घरबसल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिली. या प्रकारास हसणे सोपे आहे. तो बहुधा फसतो तो का, आणि क्वचित साधतो तो कशामुळे, हे सांगणे तितके सोपे नाही. ते काम फार पूर्वी एका लहानशा इंग्रजी नाटकाने केले आहे. त्याच्या कर्त्याच्या मोठ्या नाटकांच्या गर्दीत ते मागे पडले, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटते.

नाटककार बर्नार्ड शॉ. त्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणल्यापासून हे नाव ज्याने शॉचे एक पानही वाचलेले नाही अशा मराठी प्रेक्षकासही ठाऊक आहे. प्रस्तुत नाटकाचे नाव ‘व्हिलेज वुइंग’. ‘खेड्यातील मागणी’ असे त्याचे मराठी नाव करता येईल; मात्र येथे मागणी घालते ती वधू, आणि तीही कोणा वडीलधाऱ्याच्या मध्यस्थीवाचून, एवढे ध्यानात ठेवावयास हवे. तीन संवाद आणि मुख्य पात्रे दोन. पुरुषाचे नाव ‘ए’ आणि स्त्रीचे ‘झेड’. आपल्याकडे ‘अ’ आणि ‘ज्ञ’ म्हटल्यासारखे. नाटकाच्या शेवटी शॉने स्थळ नि तिथी नोंदविली आहे : सुंदा सामुद्रधुनी, २७ जानेवारी १९३३. म्हणजे नाटक लिहिले गेले तेच जगसफरीवर.

१६ डिसेंबर १९३२ रोजी शॉ आणि त्याची पत्नी शार्लट ही दोघे मोनॅको येथे ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ या आगबोटीवर चढली. उभयतांनी पंचाहत्तरी गाठली होती. प्रवासाची हौस शार्लटची. शॉची हौस, प्रवासातही काम करीत बसण्याची. बोट कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, बेचाळीस हजार टनांहून मोठी, १९३१ साली प्रवासास लागलेली. उन्हाळ्यात तिने अटलांटिक महासागर ओलांडावयाचा आणि हिवाळ्यात, कॅनडातील सेंट लॉरेन्स नदी गोठली म्हणजे, धनिक प्रवाशांस घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, असा तिचा क्रम होता. अटलांटिकवर वेग हवा म्हणून तिला चार पंखे होते. जगसफरीवर कोणास कसली घाई नाही, आणि कोळसा-तेलाचा खर्च मात्र वाचावयास हवा, म्हणून बाहेरचे दोन पंखे काढून ठेवीत असत. भोजनगृहास जाक कार्तिए या दर्यावर्दी शोधकाचे नाव होते व त्याची सजावट फ्रँक ब्रँग्विन या चित्रकाराची. दुसऱ्या एका दिवाणखान्याचे नाव ‘कॅथे’. तो चिनी धर्तीवर सजविला होता एडमंड ड्युलाक याने. कॅथे हे चीनचे जुने नाव युरोपात मार्को पोलोच्या ग्रंथामुळे रूढ झाले. चीनला निघालेल्या प्रवाशाने वाटेत दोन महिने चिनी धर्तीच्या दिवाणखान्यात बसावे आणि मग खरा चीन एका दिवसात उरकावा, ही या सफरीची एकंदर रीत होय.

आपल्याकडे प्रदक्षिणा घालताना मध्यभागी देव असतो. या प्रदक्षिणेत मध्यभागी भोजनगृह असते.

नाटकाचा पहिला संवाद ‘एम्प्रेस ऑफ पॅटागोनिया’ या काल्पनिक बोटीच्या डेकवर घडतो. नावातील थट्टा उघड आहे. ‘ए’ हा फिकट चेहऱ्याचा, दाढी राखलेला, हिरवा चष्मा लावणारा गृहस्थ खुर्चीवर बसून लिहीत आहे, आणि त्यास कोणी बोलू नये अशी त्याची इच्छा आहे. शेजारच्या खुर्चीवरील ‘झेड’ हातातील पुस्तकास कंटाळली आहे. ती त्यास वेळ विचारते. अकरा वाजले आहेत, असे तो तुटकपणे सांगतो. तिच्या घड्याळात साडेदहाच. कारण बोट पूर्वेस चालली असल्याने रात्री घड्याळे अर्ध्या तासाने पुढे केली आहेत. असे घड्याळ पुढे करावे लागले म्हणजे प्रवासास गोडी येते, असे ती म्हणते, आणि आणखी अर्ध्या तासाने नोकर सूप घेऊन येईल याचाही तिला आनंद होतो. तासभर वाट पाहावी लागेल असे तिला वाटले होते. ‘ए’ सूप घेत नाही. त्याने कामात व्यत्यय येतो. गेल्या पंधरवड्यात नेपल्स, अथेन्स, इजिप्त आणि ख्रिस्ताची पवित्र भूमी येथील अमोल प्राचीन अवशेष आपण पाहिले आहेत, तेव्हा सूप येईपर्यंत त्यांचे चिंतन करावे, अशी तो तिची बोळवण करतो. तिला भूगोलाची आवड नाही. आपण आता कोठे आहोत, असे ती विचारते. तांबड्या समुद्रात, असे उत्तर मिळते. मग तो निळा कसा, असा तिचा प्रश्न.

या ठिकाणी प्रेक्षक हसतो, आणि आमच्या मते बहुतेक समीक्षकही येथेच हसून पुढे जातात. बक्षिसाच्या पैशांवर जग पाहावयास निघालेली खेड्यातील एक अडाणी मुलगी! तिने एका वृत्तपत्राच्या स्पर्धेत बक्षीस मिळविले आहे आणि ते या सफरीवर उधळले आहे. तिच्या अज्ञानाची ही गंमत, असा या प्रसंगाचा अर्थ लावण्यात येतो. आमचे म्हणणे याहून निराळे आहे. पहिल्या संवादात प्रत्यक्ष समुद्राकडे पाहण्याची क्रिया एकदाच घडते, आणि ती या प्रश्नात. ‘ए’ ला समुद्राचे नाव ठाऊक आहे म्हणून त्याने पाण्याकडे पाहिलेले नाही. ‘झेड’ ने पाहिले, नाव आणि रंग जुळत नाहीत असे तिच्या ध्यानात आले, आणि तिने विचारले. वस्तुतः हा प्रश्न खुळाही नाही. एका सूक्ष्म शैवालाची वाढ झाली म्हणजे त्या समुद्राच्या पाण्यावर काही काळ तांबूस पट्टे दिसतात व त्यावरून हे नाव पडले असावे, असे एक मत आहे. मार्गदर्शिका लिहिणाऱ्या विद्वानाने हे तिला सांगितले असते तर दोघांचा अर्धा तास उत्तम गेला असता. तो सांगत नाही.

कारण ‘ए’ चा धंदा तोच आहे. ‘मार्को पोलो’ या मालेतील गप्पागोष्टींच्या ढंगाच्या मार्गदर्शिका तो लिहितो. गप्पांची पुस्तके लिहिणाऱ्यास शेजारणीची गप्प नकोशी व्हावी, यातील विनोद शॉने मुद्दाम फार ताणलेला नाही, हे त्याचे कौशल्य. या गृहस्थास रोज ठराविक मजकूर पुरा करावयाचा आहे; त्यामुळे जग ही त्याच्या दृष्टीने शब्दसंख्येची भरती होऊन बसली आहे. उलट ‘झेड’ चे वडील खेड्यातील टपालवाटपे. तेही पत्रांच्याच व्यवसायातले, म्हणजे एका अर्थी साहित्यिकच, अशी कोटी ती करते. इंग्रजीत ही कोटी जशी साधते तशीच आपल्या ‘पत्रकार’ शब्दाने मराठीतही साधेल. आणि त्या कोटीत अर्थ आहे. टपालवाटप्यास पत्र कोणाचे आहे, ते घर कोणते, दार कोण उघडील, हे ठाऊक असावे लागते. ‘ए’ ची पत्रे मात्र कोणाही विशिष्ट माणसाच्या नावची नाहीत.

पैशासाठी प्रवास केल्याने दृष्टी मरते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता कामा नये. आपल्याच भाषेत त्यास सणसणीत उत्तर आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देशदर्शनासाठी नव्हे. बायजाबाई शिंदे यांनी योजिलेल्या यज्ञात दक्षिणा मिळावी आणि घरचे कर्ज फिटावे, यासाठी. वाटेत बंड उसळले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून भोगला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी आले. ‘माझा प्रवास’ त्यांनी पुष्कळ वर्षांनी लिहिला व चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. भटजींचा हेतू ‘ए’ च्या हेतूहून तिळभरही उदात्त नव्हता. तरी त्यांचे पान जिवंत आहे, कारण त्यांना दक्षिणा पाहण्याबद्दल मिळावयाची नव्हती. दक्षिणा मंत्रांची, पाहणे वरकड, म्हणूनच ते त्यांचे स्वतःचे राहिले. ‘ए’ ला दाम मिळतो तो पाहण्याचाच, आणि अमुक पृष्ठांत अमुक स्थळे बसविण्याचा. आजच्या जगसफरीवरील दांपत्याची स्थिती तर आणखी बिकट. त्यांना कोणी दामही देत नाही. तरी ताटावर हात पडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेण्याची सक्ती त्यांनी स्वतःवर करून घेतली आहे.

सुपाविषयी थोडे अवांतर. त्या काळी मोठ्या आगबोटींवर सकाळी अकराच्या सुमारास डेकवर गरम सूप वाटण्याची प्रथा होती, आणि ते बहुधा गोमांसाचे असे. शॉ १८८१ पासून शाकाहारी होता. म्हणजे ‘ए’ प्रमाणे तोही ते सूप नाकारीत असणार, पण अगदी निराळ्या कारणाने. आपल्या नायकाला त्याने हे कारण दिले नाही, हे आम्हांस लक्षणीय वाटते. व्रत म्हणून नाकारणाऱ्याला निदान आपण काय नाकारतो हे ठाऊक असते. ‘ए’ ला ते सूप कशाचे आहे याचीही चौकशी नाही.

आता या नाटकातील उणिवेकडे वळू. पहिल्या संवादात बोट आहे, खुर्च्या आहेत, सूप आहे, बंदर नाही. नेपल्स, अथेन्स, इजिप्त ही एका वाक्यातील नावे. दोन्ही पात्रे किनाऱ्यावर उतरून काय करतात, कोणाशी बोलतात, किनाऱ्यावरील माणसे त्यांच्याकडे कशी पाहतात, याचा मागमूस नाटकात नाही. बोटीवरचे नोकर सूप आणण्यापुरते. जगसफरीची थट्टा करणाऱ्या नाटककाराने तिच्यातील सर्वांत मोठा दोष, म्हणजे ज्यांना पाहावयास जावयाचे त्यांना हिशेबात न धरणे, हा स्वतःच करून ठेवला आहे.

आमच्यासारख्यांच्या हे सहज ध्यानात येते, कारण आम्ही त्या किनाऱ्यावरचे. मुरगाव बंदरास अशा बोटी लागतात, आणि प्रवाशांच्या एका दिवसाच्या कार्यक्रमात जुने गोवे, एखादी मसाल्याची बाग आणि प्रियोळचे मंगेशीचे देऊळ पुष्कळदा असते. त्यांची मोटारगाडी कुठ्ठाळीवरून जाते. त्याच कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, १५६० साली मंगेशाचे लिंग भक्तांनी नदीपार प्रियोळास आणले. जी वाट देवाला जीव मुठीत धरून चालावी लागली ती हे पाहुणे दुपारच्या जेवणापूर्वी आटोपतात. सात मजली दीपस्तंभाचे छायाचित्र घेतात, तळी पाहतात, वस्त्राविषयीची सूचना वाचतात, आणि परततात. त्यांत त्यांचा दोष कमी. त्यांच्या हातातील पुस्तिकेत दीपस्तंभाची उंची नि शैली असते, कुठ्ठाळीची वाट नसते. पण त्यांच्यापैकी एखादी ‘झेड’ पुजाऱ्यास विचारते, की हा देव येथलाच का? असा प्रश्न आला म्हणजे सांगणारा खुलतो. आमच्या देवस्थानांतून ज्यांनी असे पाहुणे पाहिले आहेत त्यांना या प्रश्नाची किंमत सांगावयास नको.

शॉला हे कळत नव्हते असे मात्र नाही. ८ जानेवारी १९३३ रोजी त्याची बोट मुंबईस आली. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात असल्याने त्यांची भेट घडली नाही. लंडनमध्ये १९३१ साली ते दोघे भेटले होते. मुंबईत शॉने जैन मंदिर पाहिले. पुढे एका धर्मोपदेशक स्नेह्यास पाठविलेल्या पत्रात त्याने, हिंदूंची अनेक दैवते ही एकाच ईश्वराची निरनिराळी रूपे आहेत व म्हणून हा धर्म विलक्षण सहिष्णु आहे, असा अभिप्राय कळविला. हे मत आम्हांस सुखावते हे खरे. म्हणूनच ते सावधपणे घ्यावे. ते चुकीचे नाही, पण थोड्या दिवसांत बोटीवरून उतरून बांधलेले आहे, आणि सहिष्णुतेच्या प्रशस्तिपत्राने आपल्याकडील ज्या देवळांची दारे त्या वर्षीही कित्येक हिंदूंनाच बंद होती त्यांचा प्रश्न सुटत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रह १९३० पासून चालू होता. मुंबईहून ते स्थळ आग्र्याहून कितीतरी जवळ. पण जगसफरीच्या मार्गदर्शिकेत ते यावयाचे नव्हते.

नाटक लिहून झाल्यावर बरोबर तीन आठवड्यांनी, १७ फेब्रुवारी १९३३ रोजी, शॉचा शांघायमधील एक दिवस आला. भोजन नि दर्शन यांचा तो एक दिवस शब्दबद्ध झाला आहे, मात्र पाहुण्याकडून नव्हे. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांच्या घरी दुपारचे शाकाहारी जेवण होते. तेथे आलेल्यांत लू शुन हा श्रेष्ठ चिनी लेखक होता, आणि शॉला व शॉला पाहावयास जमलेल्यांना पाहताना आपणास काय दिसले, यावर त्याने लेख लिहिला. जेवण अर्ध्यावर आल्यावर शॉने काड्या हातात घेतल्या. प्रथम जमेना, काही केल्या घास पकडीत येईना. हळूहळू हात बसला, अखेर कसलातरी तुकडा त्याने घट्ट पकडला आणि विजयी मुद्रेने सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. तो विजय कोणाच्याच दृष्टीस पडला नव्हता, असे लू शुन सांगतो. अर्थात त्याच्या स्वतःच्या दृष्टीस तो पडला होता. शहात्तर वर्षांचा जगप्रसिद्ध म्हातारा येथे ‘झेड’ झाला आहे : नवे घड्याळ लावल्याचा आनंद होणारा. प्रवासवर्णनाच्या साऱ्या मालांपेक्षा हा एक घास आम्हांस मोलाचा वाटतो. तो टिपला किनाऱ्यावरच्या माणसाने, ही गोष्टही नोंदविण्याजोगी आहे.

दुसरा संवाद इंग्लंडातील एका खेड्यातील दुकानात घडतो. दुकानातच टपालकचेरी. येथे ‘झेड’ विक्रीस बसते. शॉ स्वतः एयट सेंट लॉरेन्स या खेड्यात राहत असे. तेथील टपालकचेरी चालविणाऱ्या बाईंचा ठसा या पात्रावर आहे असे मानतात. पायी भटकंतीवर आलेला ‘ए’ गिऱ्हाईक म्हणून आत येतो. ती त्याला ओळखते. त्याला ती आठवत नाही! अर्ध्या जगाची वर्णने लिहिणाऱ्यास शेजारच्या खुर्चीवरची बाई आठवू नये, हा नाटकाचा खरा मध्यबिंदू, आणि शॉने तो एका साध्या प्रश्नोत्तरात उरकला आहे. पुढे ती त्यास बोलण्यात असे गुंतविते की तो ते दुकानच विकत घेतो. हा संवाद सर्वांत सरस. गिऱ्हाइकाला काय हवे हे त्याच्या आधी ओळखणे हा तिचा धंदा आहे, आणि तो धंदा नि मागणी घालणे यांत अंतर फार थोडे.

तिसरा संवाद आम्हांस तितका रुचला नाही. ‘ए’ आता दुकानदार, ‘झेड’ त्याची पगारी मदतनीस, आणि लग्नाची गोष्ट ती काढते. तेथवर ठीक. परंतु लग्न म्हणजे काय, यावर ‘ए’ लांब तात्त्विक भाषण करू लागतो तेव्हा बोलतो तो शॉ. जो पुरुष सुपासाठी लेखणी खाली ठेवीत नव्हता त्याला दुकानदारीत रस कसा आला, हे आम्हांस भाषणात नको, तराजू धरलेल्या हातात दिसावयास हवे होते. लंडनच्या १९३४ च्या प्रयोगात सिबिल थॉर्नडाइक हिने ‘झेड’ ची भूमिका केली. अशी नटी असली म्हणजे भाषणाच्या वेळीही प्रेक्षक तिच्याकडेच पाहत असणार, म्हणून तो भाग कदाचित निभावला असेल.

मराठीत हे नाटक आणावयाचे तर आपल्या उत्सवी रंगभूमीस ते सोयीचे आहे. मोठी भूमिका दोघांचीच, मांडणी दोन खुर्च्या आणि एक दुकान. पालखी देवळात परतल्यावर मंडपात तासाभरात होईल. रूपांतरकाराने खेडे खुशाल आपल्याकडचे करावे, टपालकचेरीही. पहिला संवाद मात्र बोटीवरच ठेवावा. ती एखाद्या यात्रेच्या मोटारगाडीत नेण्याचा मोह होईल. पण मग समुद्र जाईल आणि तो प्रश्नही जाईल. आणि सुपाचा चहा करू नये. चहा म्हटला की आपल्या प्रेक्षकांना ‘ए’ तो का घेत नाही हे कळणारच नाही, आणि नटही बहुधा रंगमंचावर तो पिऊन टाकील.